अजिंक्यतारा सरकतो आहे, हे कशावरून?

कराडच्या एका शिक्षिकांचा प्रश्न आहे. नववीच्या वर्गात त्यांनी आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे नकाशावर जुळवून दाखवले, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हा योगायोगही असेल की. खंड सरकताना कुणी मोजलेत का?" त्यावर मॅडमनी तिला सांगितलं की कोयनेचा भूकंप हाच आपल्या भागातला पुरावा. आता त्या विचारतात, हे उत्तर बरोबर आहे का, आणि सातारा-सांगलीकडे बोट दाखवून सांगता येईल असं दुसरं काही आहे का.

मुलीची शंका अगदी रास्त आहे. नुसते किनारे जुळतात म्हणून कुणी विश्वास ठेवू नये. शास्त्रज्ञांनीही पन्नास वर्षं ठेवला नव्हता. माझी सगळी नोकरी भूजलाच्या कामात, खटाव-माणच्या विहिरी आणि जत-कवठेमहांकाळच्या बोअर बघण्यात गेली. त्यामुळे मी उत्तर देणार ते आपल्या काळ्या दगडापासून. खंड सरकतात हे जगाला पटवण्यात या दगडाचा मोठा वाटा आहे, आणि आपल्याच मुलांना ते कुणी सांगत नाही.

आधी "मोजलेत का?" याचं उत्तर. हो, मोजलेत, आणि रोज मोजतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि हैदराबादला जीपीएसची कायमस्वरूपी केंद्रं आहेत. आपल्या मोबाइलमधला जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतो. ही यंत्रं पक्क्या पायावर बसवलेली असतात, रात्रंदिवस उपग्रहांचे संदेश घेतात, आणि दिवसभराच्या नोंदी एकत्र करून आपली जागा काही मिलीमीटरपर्यंत सांगतात. बंगळुरूच्या नोंदी नव्वदच्या दशकापासून आहेत. त्यांचा आलेख काढला की एक तिरकी सरळ रेघ मिळते: वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर, ईशान्येकडे. हैदराबादची रेघही तशीच. दोन्ही जागा एकाच वेगानं, एकाच दिशेनं जातात, म्हणून त्यांच्यातलं अंतर जवळपास बदलत नाही. साताराही त्याच भूपट्टावर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या त्याच अखंड तुकड्यावर बसलेला आहे, तेव्हा तोही त्यांच्यासोबत निघालेला आहे.

वर्गात हिशेब करून घ्यायचा असेल तर असा घ्या. शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात १७०८ साली झाला. तेव्हापासून आजपर्यंत अजिंक्यतारा सुमारे सोळा मीटर ईशान्येला गेला. गडावरून खाली बघणाऱ्याला ते कळत नाही, कारण पेठा, कृष्णा-वेण्णेचा संगम आणि पलीकडचा यवतेश्वर सगळे बरोबरच गेले. मोजणीला रोव्हर (जीपीएसचं फिरतं यंत्र) घेऊन आलेल्या माणसाला एका शेतकऱ्यानं माझ्यासमोर विचारलं होतं, "जमीन सरकते म्हणता, मग माझा बांध शेजाऱ्याकडं गेला का?" नाही गेला. शेजारीही तेवढाच सरकला. ऑस्ट्रेलियात मात्र याची खरोखर दखल घ्यावी लागली. तो खंड वर्षाला सुमारे सात सेंटीमीटर जातो. १९९४ ची अक्षांश-रेखांशांची चौकट आणि उपग्रहांकडून येणारी जागा यांत इतका फरक पडत गेला की २०२० साठी नवी चौकट आणावी लागली. दोहोंत फरक होता १.८ मीटरचा. ज्या देशाला आपल्या खंडाच्या सरकण्यापायी नकाशांची चौकट बदलावी लागते, तिथं "कुणी मोजलंय का?" हा प्रश्न संपतो.

पण हुशार मुलगी इथं थांबणार नाही. ती म्हणेल, हे झालं तीस वर्षांचं. कोट्यवधी वर्षं असंच चाललं होतं हे कशावरून? शंका पुन्हा योग्य. त्यासाठी जुनी नोंद हवी, आणि ती आपल्या घाटांत आहे.

सातारा-सांगलीचा बहुतेक सगळा भाग लाव्हाच्या थरांवर उभा आहे. विहीर खोदणाऱ्यांना हे थर पुस्तक न वाचता माहीत असतात: वर मुरूम, मग पोकळ्या असलेला, गारगोट्या भरलेला दगड, मग सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण, मग कधी विटेसारखा लाल थर, आणि त्याखाली पुन्हा तोच क्रम. तो लाल थर म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तयार झालेली माती, वरच्या तप्त लाव्हानं भाजलेली. भूविज्ञानात या थरांच्या गटांना जी नावं आहेत त्यांत वाई आहे, आंबेनळी आहे, महाबळेश्वर आहे, शेजारचं पन्हाळा आहे. लाल थरांत मिळणाऱ्या झिरकॉन या खनिजाच्या बारीक कणांवरून आणि दगडातल्या आर्गॉन वायूवरून या लाव्हांचं वय काढलं गेलं. ते येतं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं.

आता मुख्य गोष्ट. लाव्हा बाहेर पडतो तेव्हा अकराशे-बाराशे अंश सेल्सिअस तापलेला असतो. त्यात मॅग्नेटाइट हे लोहाचं खनिज असतं. शुद्ध मॅग्नेटाइट ५८० अंशांच्या खाली आलं की चुंबकत्व धरतं. आपल्या दगडातल्या टायटेनियममिश्रित कणांना आणखी थोडं थंड व्हावं लागतं. त्या घडीला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची जी दिशा असेल ती या कणांत कायमची बसते. नंतर दगड कुठंही गेला तरी ती दिशा त्याच्यासोबत जाते.

दिशेत दोन गोष्टी असतात. एक, होकायंत्राची सुई उत्तरेकडे किती अचूक बघते. दुसरी, सुई जमिनीकडे किती झुकते, आणि खरी कामाची हीच. सुई मोकळी टांगली तर ती आडवी राहत नाही. विषुववृत्तावर आडवी, ध्रुवावर सरळ उभी, आणि मध्ये कुठंतरी तिरकी. उत्तर गोलार्धात तिचं उत्तरेचं टोक जमिनीकडे झुकतं, दक्षिण गोलार्धात आकाशाकडे उचललं जातं. झुकण्याचा कोन आणि अक्षांश यांचं सूत्र दहावीच्या त्रिकोणमितीत बसेल इतकं सोपं आहे: झुकण्याच्या कोनाचा टॅन म्हणजे अक्षांशाच्या टॅनची दुप्पट. थोडक्यात, दगडातली सुई, म्हणजे त्याच्या कणांत बसलेली दिशा, किती झुकली आहे ते कळलं की तो दगड कुठल्या अक्षांशावर थिजला ते कळतं.

आता महाबळेश्वरला चला. तिथल्या वरच्या थरांतला काळा दगड तपासला तर त्यातली सुई उत्तर-वायव्येकडे बघते आणि तिचं टोक आकाशाकडे उचललेलं असतं, साधारण ४५ ते ५० अंशांनी. आज साताऱ्यात टांगलेली सुई जमिनीकडे झुकते. म्हणजे हा दगड दक्षिण गोलार्धात थिजला. कोन ४८ अंश धरला तर टॅन १.११, त्याचा अर्धा ०.५५५, आणि अक्षांश आला सुमारे २९ अंश दक्षिण. सातारा आज आहे १७.७ अंश उत्तरेला. फरक जवळजवळ ४७ अंशांचा, आणि एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. अंतर झालं पाच हजार दोनशे किलोमीटरच्या आसपास. भागिले ६ कोटी ६० लाख वर्षं, तर वर्षाला सरासरी पावणेआठ सेंटीमीटर. हे गणित फळ्यावर पाच मिनिटांत होतं. कॅल्क्युलेटर मुलांच्याच हातात द्या.

सुई थेट उत्तरेऐवजी उत्तर-वायव्येला का बघते, हेही कुणी विचारेल. भारत उत्तरेकडे येताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं पंचवीसेक अंश वळला. सगळा भूपट्टच वळल्यामुळे दगडातली सुई त्याच्याबरोबर वळली.

हे मोजणं सोपं नाही, म्हणून थोडं कामाबद्दल. पठारावरचा कुठलाही धोंडा उचलून चालत नाही. सुटा दगड केव्हा कसा गडगडला ते माहीत नसतं, तेव्हा नमुना मूळ थरातूनच घ्यावा लागतो. हिऱ्याच्या दातांच्या ड्रिलनं सुमारे इंचभर व्यासाची कांडी काढतात. दगडातून सुटण्याआधी तिच्यावर दिशेची खूण करतात, आणि ती दिशा पुष्कळदा होकायंत्राऐवजी सूर्याच्या सावलीवरून ठरवतात, कारण दगडच चुंबकीय असल्यानं होकायंत्र फसतं. त्यातही पठारांच्या कडा आणि गडांचे माथे टाळावेत. सह्याद्रीच्या माथ्यांवर विजा पडतात, आणि विजेच्या प्रचंड विद्युतप्रवाहानं तिथल्या दगडाचं जुनं चुंबकत्व पुसून भलतंच बसतं. विजेनं बिघडवलेल्या अशा कातळावर होकायंत्र धरलं की काटा वेड्यासारखा फिरतो. ट्रेकर मंडळींनी हे पाहिलं असेल आणि त्याला "जागृत ठिकाण" वगैरे म्हटलंही असेल. म्हणून चांगला नमुना घाटरस्त्याच्या ताज्या कापातून किंवा खाणीतून मिळतो. प्रयोगशाळेत तो टप्प्याटप्प्यानं तापवून किंवा बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवून नंतर चढलेलं कच्चं चुंबकत्व काढून टाकतात आणि मूळचं मोजतात. खात्री करायची एक सुंदर युक्तीही आहे. लाव्हाखालचा लाल थर त्याच लाव्हानं भाजलेला असतो, तेव्हा दोघांची दिशा एकच यायला हवी. आली तर नमुना विश्वासू. आणि एका थरावर कधीच थांबत नाहीत. चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवाभोवती भटकत असतो, म्हणून बऱ्याच थरांची सरासरी घेतल्याशिवाय अक्षांशाचा आकडा खरा नाही.

हे काम पहिल्यांदा झालं १९५० च्या दशकात. केंब्रिजमध्ये एडवर्ड आयर्विंग या तरुण संशोधकानं दख्खनच्या, म्हणजे आपल्या याच काळ्या दगडाचे नमुने मोजले. पाठोपाठ लंडनच्या इंपिरियल कॉलेजात नोबेलविजेते पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटातले जॉन क्लेग आणि सहकारी याच कामाला लागले, आणि १९५६ मध्ये त्यांनी भारताच्या खडकांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी क्लेग यांचे सहकारी डॉइच यांच्याबरोबर दख्खनवरचा मोठा शोधनिबंध काढला. सगळ्यांचं उत्तर एकच: भारत दक्षिण गोलार्धातून वर आला. साल लक्षात घ्या. तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिक खंड सरकतात हे मानायला तयार नव्हते. आपला काळा दगड त्यांच्या आधी बोलला.

विरोधकांकडेही एक चांगला युक्तिवाद होता. खंड जागेवरच असेल, ध्रुव फिरला असेल, असं ते म्हणत. याला उत्तर मिळालं युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या दगडांतून. आयर्विंग आणि कीथ रनकॉर्न यांनी दोन्हीकडच्या वेगवेगळ्या वयाच्या दगडांवरून ध्रुवाचा जुना मार्ग काढला, तर दोन मार्ग निघाले. एका वेळी पृथ्वीला दोन उत्तर ध्रुव असू शकत नाहीत. पण नकाशावर अटलांटिक महासागर मिटवून दोन्ही खंड शेजारी आणले की दोन्ही मार्ग एकावर एक बसतात. मग फिरले कोण? खंडच. मला स्वतःला किनारे जुळण्यापेक्षा हे मार्ग जुळणं कितीतरी भक्कम वाटतं, कारण किनाऱ्याचा आकार डोळ्याला फसवू शकतो, हे मार्ग फसवत नाहीत.

आंबेनळी घाटात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. पोलादपूरकडून चढायला लागलात की खालच्या थरांतली सुई उलटी असते, उत्तरेचं टोक दक्षिणेकडे. महाबळेश्वरच्या वरच्या थरांत ती सुलटी होते. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून अदलाबदल करतात. शेवटची अदलाबदल सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची. आपल्या घाटातली अदलाबदल लाव्हा वाहत असतानाच झाली, आणि तिची नोंद थरावर थर अशी उभी राहिली.

हीच नोंद समुद्रतळावर आडवी मिळते, आणि तीही पहिल्यांदा ओळखली गेली आपल्याच समुद्रात. अरबी समुद्रात कार्ल्सबर्ग नावाची पाण्याखालची पर्वतरांग आहे. १९६२ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या ओवेन या जहाजावरून तिचं चुंबकीय सर्वेक्षण झालं. ड्रमंड मॅथ्यूज यांनी ती आकडेवारी आणली, त्यांचा विद्यार्थी फ्रेड व्हाइन यानं ती उलगडली, आणि सप्टेंबर १९६३ मध्ये दोघांचा छोटा लेख आला. म्हणणं असं: रांगेच्या मध्यावर लाव्हा वर येतो, थिजतो, दोन्ही बाजूंना सरकतो आणि नव्याला जागा देतो. ध्रुव उलटले की नवा पट्टा उलटा, पुन्हा फिरले की सुलटा. म्हणून रांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट-उलट पट्टे समोरासमोर जुळायला हवेत. (लॉरेन्स मॉर्ली या कॅनेडियन माणसाला हेच स्वतंत्रपणे सुचलं होतं, त्याचा लेख परत आला. विज्ञानात असं होतं.) पुढच्या दोन-चार वर्षांत अटलांटिक आणि पॅसिफिकमधून असे पट्टे इतके स्वच्छ मिळाले की वाद जवळपास मिटला. १९६८ मध्ये ग्लोमार चॅलेंजर या जहाजानं दक्षिण अटलांटिकच्या तळाला भोकं पाडली. मधल्या रांगेपासून जितकं लांब जावं तितका तळाचा गाळ जुना निघाला, दोन्ही बाजूंना. खंडांवर चारशे कोटी वर्षांचे खडक आहेत, पण महासागरांच्या तळाचा आजचा विस्तीर्ण भाग विसेक कोटी वर्षांहून जुना सापडत नाही. जुना तळ खोल गर्तांतून खाली जातो आणि नवा बनत राहतो.

हिंदी महासागरातल्या पट्ट्यांवरून भारताचा वेगही काढता येतो. लाव्हाच्या काळात आणि त्यानंतर काही काळ भारत वर्षाला १५ सेंटीमीटरपर्यंत, कधी त्याहूनही वेगानं धावत होता. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला धडकला आणि वेग एकदम घटला. ढोबळ हिशेब करा: ६.६ कोटी ते ५ कोटी या काळात वर्षाला १५ सेंटीमीटर, म्हणजे २,४०० किलोमीटर. नंतरच्या ५ कोटी वर्षांत वर्षाला पाच, म्हणजे २,५००. बेरीज ४,९००. घाटातल्या दगडानं आपल्याला ५,२०० सांगितलं होतं. एक आकडा डोंगरातल्या सुईच्या झुकण्यावरून, दुसरा समुद्रतळाच्या पट्ट्यांच्या रुंदीवरून. दोन्ही मोजमापांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी ते इतके जवळ येतात. तुमच्या विद्यार्थिनीनं योगायोगाची शंका घेतली होती ना, तिला हे दोन आकडे दाखवा. आजच्या उपग्रहांचे पाच सेंटीमीटर त्याच ओळीत तिसरे.

या प्रवासाची एक खूणही समुद्रात पडलेली आहे. भारताच्या नैऋत्येला लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही बेटं एका रांगेत दक्षिणेकडे जातात, आणि पुढं मधल्या पर्वतरांगेपलीकडे मॉरिशस आणि रीयुनियन. १९८७ मध्ये या रांगेत खोदकाम झालं तेव्हा खालचे ज्वालामुखी दक्षिणेकडे तरुण होत गेलेले दिसले: दख्खन ६.६ कोटी, मालदीव सुमारे ५.७ कोटी, उत्तर चागोस सुमारे ४.९ कोटी, मॉरिशस एक कोटीच्या आत, आणि रीयुनियनवर ज्वालामुखी आजही जागा. बहुसंख्य अभ्यासकांच्या मते पृथ्वीच्या पोटात एक तप्त जागा साधारण एकाच ठिकाणी राहिली आणि भूपट्ट तिच्यावरून सरकत गेला. तव्याखाली एकच बारीक ज्योत असावी आणि वरची भाकरी कुणी हळूहळू ओढत न्यावी, तसे करपल्याचे डाग ओळीनं पडले. काही जण या तप्त जागेच्या कल्पनेलाच हरकत घेतात. दगडाच्या चुंबकत्वावरून येणारा अक्षांशही रीयुनियनच्या २१ अंशांशी तंतोतंत जुळत नाही, आठेक अंशांचा फरक राहतो. ती तप्त जागाही थोडी हलली असणार. पण वयाचा उतरता क्रम कुणी नाकारत नाही.

आता पाठ्यपुस्तकातले पुरावे. आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानतज्ज्ञानं १९१२ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९१५ मध्ये पुस्तक लिहिलं. किनारे जुळतात हे त्याच्या तीनशे वर्षं आधी, १५९६ मध्ये, ऑर्टेलियस या नकाशाकारालाही दिसलं होतं. मुलांना एवढंच सांगा की खरी जुळणी किनाऱ्यांची नसते. समुद्राची पातळी वरखाली होते, किनारा बदलतो. १९६५ मध्ये बुलार्ड आणि सहकाऱ्यांनी संगणकावर खंडांच्या बुडालेल्या कडा, सुमारे ९०० मीटर खोलीवरच्या, जुळवल्या. त्या किनाऱ्यांपेक्षा कितीतरी चांगल्या बसल्या.

जीवाश्मांत मेसोसॉरस हा गोड्या किंवा उथळ पाण्यातला लहानसा सरपटणारा प्राणी ब्राझीलमध्ये आणि दक्षिण आफ्रिकेत सापडतो. तो अटलांटिक पोहून गेला असं म्हणणं अवघड. ग्लोसोप्टेरिस या झाडाची पानं भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका अशा पाची ठिकाणी मिळतात. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे साथीदार मरण पावले, तेव्हा त्यांच्या ओढगाडीवर सोळा किलो दगड होते आणि त्यांत ही पानं होती. उपाशी माणसांनी ते ओझं टाकलं नाही. आपल्या राज्यात हे झाड बघायचं असेल तर काळ्या दगडाचा प्रदेश सोडून विदर्भात जावं लागतं, कारण चंद्रपूर-नागपूरच्या कोळशात तेच आहे.

त्या कोळशाखाली जे आहे ते मला या गटातलं सगळ्यात जोरदार वाटतं. चंद्रपूरजवळ इरई इथं चुनखडीचा एक जुना पृष्ठभाग आहे, त्यावर हिमनदीनं घासलेले ओरखडे आहेत आणि वर हिमनदीनं आणून टाकलेले गोटे. चंद्रपूर! मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर तापमान जाणारं गाव. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी तिथं हिमनदी होती. त्याच काळातले ओरखडे दक्षिण आफ्रिकेत, ब्राझीलमध्ये, ऑस्ट्रेलियात आहेत. कोणी म्हणेल, तेव्हा सगळी पृथ्वीच गार असेल. पण तेव्हा युरोप आणि उत्तर अमेरिकेत उष्ण दलदलीची जंगलं वाढत होती. शिवाय दक्षिण गोलार्धात काही ठिकाणचे ओरखडे बर्फ समुद्राकडून जमिनीवर चढल्याचं दाखवतात, आणि हिमनदी असं करत नाही. सगळे दक्षिणेकडचे खंड ध्रुवाभोवती एकत्र ठेवले की बर्फाचा एकच मोठा थर तयार होतो आणि ओरखडे त्याच्या मध्यापासून बाहेर जातात.

एवढं असून वेगेनरवर विश्वास का बसला नाही? त्याला सरकवणारं बळ सांगता आलं नाही. त्यानं सांगितलेली बळं फारच क्षीण निघाली. ग्रीनलँड वर्षाला कित्येक मीटर सरकतं असं त्यानं जुन्या मोजमापांवरून धरलं होतं, तेही चुकीचं. १९३० मध्ये तो ग्रीनलँडच्या मोहिमेतच मरण पावला. आज बळ माहीत आहे. थंड, जड झालेला समुद्रतळ गर्तेतून खाली बुडताना मागच्या भूपट्टाला ओढतो, हे त्यातलं मोठं. आणि भूपट्ट लाव्हाच्या समुद्रावर तरंगत नाहीत, एवढं मात्र मुलांना नक्की सांगा. खालचा थर घन आहे. फक्त तो फार तापलेला असल्यानं लाखो वर्षांच्या हिशेबात वाहतो.

देवघरातल्या शाळिग्रामाबद्दलही मला विचारतात. नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रातला खरा शाळिग्राम म्हणजे ॲमोनाइट या समुद्री प्राण्याचा जीवाश्म, आणि तो हिमालयाच्या खडकांतून आला. यावरून तिथं समुद्र होता हे सिद्ध होतं. पण समुद्रतळ वर आला एवढ्यानं भारत सरकला हे सिद्ध होत नाही. तळ नुसता उचललाही जाऊ शकतो. वर्गात दाखवा, मुलांना आवडेल, फक्त त्याच्याकडून जास्त काही वदवून घेऊ नका.

कोयनेचंही तसंच, आणि तिथं मला मॅडमचं उत्तर बदलायला हवं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप ६.३ क्षमतेचा होता. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. पण कोयना कुठल्याही भूपट्टाच्या कडेवर नाही, ती भारतीय भूपट्टाच्या आत, कडेपासून खूप दूर आहे. तिथले धक्के धरणात पाणी साठवायला लागल्यावर वाढले आणि पाण्याच्या चढउताराशी आजही त्यांचं नातं आहे, म्हणून जगभर ते जलाशयाशी जोडलेल्या भूकंपाचं ठळक उदाहरण मानलं जातं. पाण्यानं तिथल्या जुन्या भेगेला फक्त निमित्त दिलं. भेगेतला ताण आधीपासून होता, आणि त्या ताणाचं एक कारण म्हणजे हिमालयापाशी अडलेला भारत. तिथं आजही वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटर जमीन दाबली जाते. त्यामुळे कोयना हा भूपट्ट सरकण्याचा दूरचा परिणाम म्हणता येईल. पुरावा नाही. भूकंप झाला म्हणून खंड सरकतात असं शिकवलं, तर उद्या मुलगी विचारेल की धरण नसतं तर खंड सरकायचे थांबले असते का.

कोयना परिसरात गोठणे इथं या भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं. पहिला सव्वा किलोमीटर आपला काळा दगड, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट, कर्नाटकातल्या धारवाडच्या जुन्या खडकांच्या नात्यातला. हे काम बघणारी केंद्र सरकारची भूभौतिक प्रयोगशाळा तुमच्याच कराडजवळ, हजारमाचीला आहे. शाळेच्या लेटरहेडवर पत्र पाठवून मुलांना तिथले खडकाचे नमुने बघता येतील का ते विचारा. परवानगी मिळालीच तर त्या मुलीला पुढच्या रांगेत उभी करा.